शाळेची तारीख

ज्या गावात देवळाच्या घंटेखेरीज दुसरं घड्याळ नसतं, त्या गावात जन्मतारीख मास्तर ठरवतो. जून लागला की बाप पोराचं मनगट धरून शाळेच्या ओट्यावर येतो. मास्तर विचारतो, जन्म केव्हाचा? बाप आधी पोराकडे पाहतो, मग आभाळाकडे. म्हणतो, "मानमोडीना पुढला सालले." महिना? "बाजरी निसवेल व्हती, मास्तर."

आमच्याकडे साल मोजायला आकडे लागत नाहीत. शेपटीचा तारा दिसला ते साल, दिल्लीला दरबार भरला ते साल, मानमोडीच्या तापाने घरं रिकामी केली ते साल, टिळक महाराज गेले ते साल. बादशहाचा दरबार आणि घरच्या म्हशीचं वेत एकाच खुंटीला टांगलेलं असतं. मास्तर त्यातून साल शोधून काढतो आणि दिवसाच्या रकान्यात आपल्या सोयीची तारीख टाकतो. बहुतेकांची सोय एक जून. कागदांवर भरवसा ठेवला तर निम्मा खानदेश एक जूनला जन्मला आहे आणि त्या दिवशी जिल्ह्यातल्या सुइणींना पाणी प्यायलाही उसंत मिळालेली नाही.

माझे वडील धुळ्याला कापसाच्या अडतीवर मुनीम होते. त्यामुळे माणूस समोर आला की त्याला दोन रकान्यांत मांडायची खोड मला लहानपणापासून. हा काय सांगेल ते डावीकडे, काय लपवील ते उजवीकडे. या खोडीपायी मला मित्र कमी मिळाले, पण फसवलंही कमी जणांनी.

१९३१ च्या श्रावणात माझी नेमणूक पिंपरडोहला झाली. सोनगीरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. शिंदखेड्याच्या अलीकडे नदीच्या वळणावर शंभर-सव्वाशे घरांचं गाव. शाळा दोन खोल्यांची. हेडमास्तर मी आणि हाताखालचा मास्तरही मीच, त्यामुळे वरिष्ठांशी माझं कधी भांडण झालं नाही. बरोबर बायको वच्छला आणि मुलगी द्वारका. द्वारका तेव्हा पाच-सहा वर्षांची, काटकुळी, सारखी सर्दी-खोकल्याने धरलेली. तिचा जन्म नऊ नोव्हेंबरचा. तो मी त्याच दिवशी माझ्या हाताने लिहून ठेवला होता.

पहिल्याच आठवड्यात मी चकित झालो. आजूबाजूच्या गावांत पोरं शाळेत ओढून आणावी लागत. इथे वर्ग भरलेला. मुलीसुद्धा. गुराख्यांची पोरं गुरं सोडून यायची. इन्स्पेक्टरसाहेब शेरा लिहून गेले की या खेड्याची विद्येची आवड अनुकरणीय आहे. मी तो शेरा वच्छलेला दोनदा वाचून दाखवला.

आणि सगळ्यांची जन्मतारीख तेवीस जून.

ही तारीख माझ्या आधीच्या तोतारामगुरुजींची. १९०६ साली शाळा निघाली तेव्हापासून ते होते, मी यायच्या आदल्या हिवाळ्यात साध्या तापाने वारले. तेवीस जूनच का, याचं उत्तर त्यांनी भिंतीवरच गेरूने लिहून ठेवलं होतं: ‘दिनविशेष. तेवीस जून. प्लासीची लढाई, १७५७. विलायतेच्या युवराजांचा जन्म, १८९४.’ म्हणजे पोराला स्वतःची तारीख पाठ झाली की इतिहासाचे दोन गुण खिशात. मला ही युक्ती आवडली. फक्त त्या दोन ओळींखाली त्यांनी भिंतीची बरीच जागा चौकट आखून मोकळी सोडली होती, ती कशासाठी ते कळेना.

गावाचं दुसरं वागणं मात्र माझ्या कुठल्याच रकान्यात बसेना. भादव्यात नदीला पूर आला. पाणी लाल, त्यात झाडं वाहत होती. शाळेची पोरं काठावरच्या खडकावरून त्या डोहात उड्या टाकत होती आणि त्यांच्या आया पलीकडे धुणं बडवत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. दूध पिणारं एक तान्हं पोर मात्र एका बाईने काठीला दोरीने बांधून ठेवलं होतं, पाण्याकडे रांगू नये म्हणून. शाळेतल्यांची काळजी नाही, बाकीच्यांची आहे. मी ते पाहिलं आणि मनात नोंदून ठेवलं.

दिवाळी झाल्यावर पितांबरला नाग चावला. पितांबर पंचविशीतला गडी, चौथीपर्यंत शिकलेला, मोठा विनोदी. कापूस वेचताना पिंडरीला दात लागले. मी शाळेतलं लाल औषध घेऊन धावत गेलो. तो बांधावर बसला होता, ओठ निळे पडलेले, आणि भोवती दहा-बारा माणसं तंबाखू चोळत उभी. कोणी रडत नव्हतं. त्याची आई भागाबाई डोईवरचा पदर सारखा करून म्हणाली, "पाय कामातीन ग्या म्हना."

"अहो, माणूस मरतोय," मी म्हणालो.

कौतिक आबा शाळा कमिटीचे अध्यक्ष. स्वतः निरक्षर, पण बोलणं तोलून. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "मास्तर, आज कोनती तारीख शे?"

मी सांगितली. नोव्हेंबर महिना होता.

"मंग मरस नही तो," आबा म्हणाले आणि चुना लावायला लागले.

पितांबर मेला नाही. पाय काळा पडला, मग फुटला. पौषात त्याच्या घरावरून जाताना लोक नाकाला धोतर लावायला लागले. माघात हाड दिसायला लागलं. शिंदखेड्याचे डॉक्टर दोनदा आले, दुसऱ्यांदा बाहेर येऊन मला म्हणाले, हा माणूस महिन्यापूर्वीच जायला हवा होता. मी भेटायला गेलो की पितांबर खाटेवरून हसायचा. "मास्तर, मी एकच वर्गमा अडकी गऊ. माले वरे ढकला ना." तिसऱ्यांदा तेच म्हणाला तेव्हा हसत नव्हता.

त्या दिवशी मी कौतिक आबांच्या ओट्यावर जाऊन बसलो. म्हटलं, आबा, काय असेल ते सांगा. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटतच नव्हतं.

"मानमोडीमा आमना घरना सहा जन गयात," ते म्हणाले. "गावमा घर नही आसं की जठे मढं नही. पन शायना पोरेसमाईन एक बी नही. ताप उना, रगत वकनात, पन गया कोनी नही. बठ्ठा गावनी देव मानं गुरुजीस्ले. मंग पुढला सालना जूनमा, तेवीस तारीखले, गुरुजीस्नी रोजना मायेक हजेरी लिधी. नऊ पोरेस्नी ‘हाजर’ सांगं. दिन बुडता बुडता नऊ बी गयात."

"आणि बाकीची?"

"बाकीना त्या दिन शायमा उना नव्हतात. कोनी ढोरेसवर व्हतं, कोनी मामाना गावले." आबांनी सुपारीचं खांड गालात सरकवलं. "तव्हयपाशी गुरुजीस्नी त्या दिन शाया बंद ठेवी. तरी हाक येसच. शायमाईन. एक एक नाव."

"कोण मारतं हाक?"

"गुरुजीच."

"गुरुजी आता नाहीत, आबा."

"व्हतात तव्हय बी तेच. आठे मना जोडे, ह्याच ओटावर बठेत, तोंडवर धोतर धरी. आन पोरे सांगेत, शायमाईन गुरुजीस्ना आवाज येस."

"तुम्ही ऐकला?"

"मी कसा आयकसू? मी शायमा गऊच नही. ज्यास्नी ती तारीख शे त्यास्लेच येस. ‘हाजर’ सांगं का संपनं. नही सांगं तर साल भेटस."

मी विचारलं, "हे ठाऊक असून पोरांना शाळेत घालता?"

आबांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमले पोरं शेतस ना? एक आंडेर. तिले ताप उना, तुम्ही भ्यातस. पानीमा गई, भ्यातस. झाडवर चढनी, भ्यातस. बठ्ठा साल भ्यातस. आम्ही एकच दिन भ्यातस, मास्तर."

इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा मी त्यानंतर कोणाला वाचून दाखवला नाही.

जूनचा तेविसावा दिवस उजाडला तेव्हा मी मुद्दाम शाळा उघडली. तत्त्वाचा प्रश्न होता. एकही पोर आलं नाही. पाऊस लांबलेला, पत्रा तापलेला, आणि गावात असा शुकशुकाट की पलीकडच्या काठावरच्या गुरांची घंटी ऐकू येत होती. हजेरीची वेळ झाली तशी मी रिकाम्या वर्गाला कंटाळून बाहेर पडलो आणि गल्लीने चालायला लागलो.

प्रत्येक ओट्यावर माणसं बसली होती. शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या शेजारी पाण्याचा तांब्या. प्रत्येकाने तोंडात पाण्याची गुळणी धरलेली. तिशीतले गडी, कडेवर पोर असलेल्या बाया, माझ्या पहिलीतली पोरं, सगळ्यांचे गाल फुगलेले. जे शाळेत गेले नव्हते ते म्हातारे त्यांच्या हनुवट्या धरून बसले होते. दुसरा प्रसंग असता तर मला हसू आलं असतं. फुगलेल्या गालांचं एवढं मोठं गाव मी कधी पाहिलं नव्हतं.

मग सगळ्यांनी माना वळवल्या. एकदम, शाळेकडे. मी आत्ताच जिच्या दाराला कडी घालून आलो होतो त्या शाळेकडे.

मला काहीही ऐकू आलं नाही. फक्त दिसत होतं. पहिल्या ओट्यावरचा मुलगा दचकला, जसा नाव पुकारल्यावर दचकतो. मग त्याच्या पलीकडची मुलगी. मग समोरचा. सावकाश, एकामागून एक. एका लहान पोराच्या गळ्याशी घोट हलला तशी आजीने त्याचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. ती पोरं ज्या क्रमाने दचकत होती तो क्रम मला पाठ होता. रोज सकाळी मी त्याच क्रमाने नावं घेत होतो.

पितांबरची खाट निंबाखाली टाकली होती. त्याची पाळी आली तेव्हा त्याने मान वळवली, तोंडातलं पाणी सावकाश बाजूला सोडून दिलं आणि म्हणाला, "हाजर."

भागाबाईने त्याच्या पायावरची चादर छातीपर्यंत ओढली. ती रडली नाही. दिवस मावळताना तो गेला. चेहऱ्यावर शाळा सुटल्याचं समाधान होतं.

मी स्वतःला समजावलं. विष होतं, नासलेला पाय होता, अशक्तपणा होता. तिन्हींची बेरीज बरोबर येत होती. फक्त तारीख उरत होती.

त्यानंतरच्या माघात द्वारकेला विषमज्वर झाला.

मी तिला शाळेत अजून घातलं नव्हतं, घरीच शिकवत होतो. का, ते वच्छलेला ठाऊक होतं आणि मलाही, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात पोरीला आम्ही ओळखू येईनासे झालो. ती हाताने हवेतून काहीतरी वेचायची. डॉक्टर आले, नाडी धरून बसले, आणि जाताना त्यांनी औषध बदललं नाही. आज संध्याकाळपर्यंत जवळच राहा, एवढंच म्हणाले. दुपार होती. वच्छला पोरीच्या तळव्यांना काशाची वाटी घासत होती. वर न पाहता ती म्हणाली, "अहो, शाळेची किल्ली कुठे आहे?"

मी मूठ मिटली.

"तुमच्या हातात आहे," ती म्हणाली.

"त्याने ती बरी होत नाही, वच्छला. पितांबरला पाहिलंस ना तू?"

"पाहिलं. तो जिवंत होता."

"सात महिने सडत होता."

"त्याच्या आईला विचारा, सात महिने कमी करून हवेत का." तिने घासायची वाटी खाली ठेवली. "तुमचा विश्वास नाही ना? मग लिहायला काय जातं?"

माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं बिनतोड विचारलं नव्हतं. मी शाळेकडे गेलो. ऊन भिंतीवरच्या गेरूच्या ओळींवर पडलं होतं. दौतीतली शाई वाळत आली होती, तिच्यात पाणी घालावं लागलं. नाव, द्वारका. जन्मतारखेच्या रकान्याशी मी थांबलो. ज्या हाताने नऊ नोव्हेंबर लिहिलं होतं त्याच हाताने तेवीस जून लिहिलं. पाणी घातलेल्या शाईचं अक्षर फिकट आलं, ते मी पुन्हा एकदा गिरवलं.

घरी आलो तेव्हा ती झोपली होती. हात हवेत नव्हते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी मला धीर द्यायला आले आणि उंबऱ्यातच थबकले. होळीपर्यंत ती खाटेवर उठून बसून पुरणपोळी मागायला लागली.

मग माझ्यातला मुनिमाचा मुलगा जागा झाला. मी ती नोंद तांबड्या शाईने खोडली, खरी तारीख लिहिली, शेजारी सही केली. कागदावर माझी मुलगी पुन्हा नोव्हेंबरची झाली. मला फार हलकं वाटलं.

तरी त्या जूनमध्ये वच्छलेने तिला गुळणी धरायला दिली. मी हरकत घेतली नाही. आम्ही तिघं मधल्या घरात बसलो, मी द्वारकेला मांडीशी घेऊन. माझे ओठ मी घट्ट मिटले होते, उगीच आवाज नको म्हणून. एका क्षणी ती दचकली. शाळेकडे वळून न बघता तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे मोठे करून, कुणाचं तरी नीट न समजलेलं बोलणं ऐकावं तसं. वच्छलेचा हात तिच्या तोंडावर होता.

दिवस मावळल्यावर तिने मोरीत पाणी टाकलं आणि मला म्हणाली, "नाना, तुम्ही मला का बोलावत होता? मी तर तुमच्या मांडीवरच होते."

मी बदली मागितली. जळगाव मिळालं. घर नवीपेठेच्या मागे, समोर सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा, दिवसभर कापसाची कुसं अंगणात उडायची. तारीख आमच्या मागोमाग आली. दरवर्षी त्या दिवशी मी घरी राहायचो आणि ती गुळणी धरून माझ्याकडे बघत बसायची. मी काही बोललो नाही याची साक्ष म्हणून मीही तोंडात पाणी धरायला लागलो. त्याने फरक पडला नाही. एवढंच ती पुढे सांगायची की आवाज तुमचाच असतो नाना, पण तुम्ही पिंपरडोहला होतात तेव्हाच्या वयाचा.

बाकीचं वर्ष तिला काही होत नव्हतं. चिंचेवरून पडली आणि उठून घरी आली. टांग्याखाली सापडली, ओढणी फाटली. पोरगी हुशार निघाली, फायनलची परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं आणि पेठेतल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. दोन स्थळं चालून आली, त्यांतलं एक भुसावळच्या रेल्वेतल्या कारकुनाचं, बंगलीसकट. ती हसून म्हणाली, "वर्षातून एक दिवस गाल फुगवून बसणारी सून कोणाला चालेल, नाना?"

वच्छला १९४१ साली गेली. साधा ताप, चार दिवसांचा, कार्तिक महिना. तिची तारीख कोणी लिहिली नव्हती. द्वारका आईच्या उशाशी बसली होती. बरीच उशिरा माझ्याकडे वळून म्हणाली, "आईला कोणी दाखलच केलं नाही." त्यात तक्रार नव्हती. चूक काढून दाखवावी तसा तिचा आवाज होता, माझ्या वडिलांसारखा.

१९४६ च्या उन्हाळ्यात देवीची साथ आली. तिच्या पहिलीच्या वर्गातल्या सहा मुली गेल्या. ती सहाही घरी जाऊन आली आणि आठवडाभर जेवली नाही. मला वाटलं, दुःख आहे, निवळेल.

मग आलं १९४७. जूनभर जळगावात एकच विषय, देश कसा तुटणार आणि केव्हा. प्लासीला जे सुरू झालं ते आता संपतंय, असं वाचनालयात लोक मोठमोठ्याने सांगत होते. ते युवराज तर कधीच राजे होऊन, एका बाईपायी राज्य सोडून मोकळे झाले होते. त्या तारखेचे जुने मानकरी एकेक करून सुटत होते. तेवीसला सोमवार होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे तांब्या भरून मधल्या घरात ठेवला, तर द्वारका पातळाच्या निऱ्या सारख्या करून निघालेली.

"आज कुठे?"

"शाळेत. पोरींना एकटं कसं सोडू?"

तिच्या बोलण्याचा अर्थ लागेपर्यंत ती कोपऱ्यावरून वळली होती. अर्थ लागला तेव्हा मी चप्पल न घालता निघालो.

शाळेच्या ओसरीवर रांजण होता आणि एक सहा वर्षांची मुलगी गडव्याने पाणी घेत होती. मला पाहून ती थांबली. "आबा, तुमी बाईचे बाबा ना? बाई तुमच्यासारखीच चालते. मी बेबा. आमी रावेरकडचे, केयीवाले. इथं आत्याकडे राह्यते." तिला बोलायला कारण लागत नव्हतं. "आज आमचा खेय आहे. तोंडात पानी धरायचं आन बाई सांगे तवर गिळायचं नाही. जे बोललं ते हरलं. माहा दात पडला काल. हा पाहा." तिने ओठ वर करून मला पुढच्या दाताची फट दाखवली, मग आत पळाली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढत आणली.

वर्गात चाळीसेक मुली मांडी घालून ओळीने बसल्या होत्या. फळ्यावर द्वारकेच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘दिनविशेष. तेवीस जून. प्लासीची लढाई, १७५७.’ खाली चौकट आखून बरीच जागा मोकळी.

पिंपरडोहच्या त्या भिंतीसमोर ती कधी बसली नव्हती.

मी तिला दाराशी बोलावलं. आवाज हळू ठेवला. "किती जणींना?"

"सगळ्यांना. कोणाला मागे ठेवू?"

"द्वारका, तुला कळतंय का तू काय केलंस?"

"तुम्ही केलंत तेच, नाना." ती शांत होती, जरा आनंदातही. "यंदा पुन्हा देवी आली होती. चौघी फोडांनी भरल्या होत्या. बसल्यात बघा समोर. एकीलाही काही झालं नाही. वर्षातून एक तासभर गप्प बसायचं, एवढंच तर आहे. महिनाभर सराव करून घेतलाय मी. माझ्या पोरी शिस्तीच्या आहेत."

मी आणखी काही बोलणार होतो. तिने ओठांवर बोट ठेवलं, रांजणातलं पाणी तोंडात घेतलं आणि टेबलाशी जाऊन उभी राहिली. मुलींनी पाणी घेतलं. चाळीस जणींचे गाल फुगले. मी खुर्चीवर बसलो, फळ्याच्या बाजूच्या भिंतीशी.

जिनाचा भोंगा झाला आणि थांबला.

मग मुलींनी माना वर केल्या. मी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. पण मुली तिकडे पाहत नव्हत्या. त्या सगळ्या द्वारकेकडे पाहत होत्या.

पहिल्या ओळीतली पहिली मुलगी दचकली. मग दुसरी.

द्वारका टेबलाला टेकून उभी होती. तिची नजर माझ्यावर होती. ओठ मिटलेले. मीही ओठ मिटले होते.

तिसरी ओळ. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने तोंड दोन्ही हातांनी धरलं. सराव चांगला झाला होता.

शेवटच्या ओळीत बेबा बसली होती. तिच्या हनुवटीवरून पाण्याची बारीक धार वाहत होती. दाताच्या फटीतून. परकराच्या पुढे ओला डाग पसरला होता आणि तिचे गाल हळूहळू बसत चालले होते.

मी उठलो. मध्ये तीन ओळी मुली होत्या.

बेबा दचकली. मग तिचा चेहरा उजळला, आपलं नाव आल्यावर शहाण्या मुलींचा उजळतो तसा. ती उभी राहिली, हात बाजूला सरळ सोडले आणि बाईकडे पाहून म्हणाली,

"हजर, बाई."

द्वारकेचे गाल अजून पाण्याने फुगलेले होते.